ऊर्फ पारू

लेकीचं निळं बाल आधार गणपतीच्या आधी पोस्टानं आलं आणि नावाचं प्रकरण एकदाचं मिटलं. एका नावापायी पालिकेत चार फेऱ्या, एक दुरुस्ती अर्ज, एक बारसं आणि सासर-माहेर मिळून निदान सहा रुसवे झाले. गेलेल्या माणसाची आठवण बाळाच्या नावात ठेवायची आणि ते नाव उद्या शाळेच्या हजेरीपटावरही शोभायला हवं, अशा कात्रीत आणखी कुणी सापडलं असेल तर त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवतेय.

सुरुवात पाराक्कापासून करावी लागेल. पाराक्का म्हणजे माझी आत्या, आण्णांची थोरली बहीण. जन्मनाव पार्वती. सोळाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा सासरी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘शारदा’ लिहिलं. दोन वर्षांत नवरा गेला आणि ती कोल्हापूरला शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी आली ती कायमचीच. सासरचं काहीच बरोबर आणलं नाही म्हणायची, पण रेशनकार्डावर ‘शारदा’ चिकटून आलंच. घराच्या उताऱ्यावर पार्वती. आणि मतदार ओळखपत्रावर कुणा कर्मचाऱ्यानं गल्लीत विचारून लिहिलं असणार, तिथं चक्क ‘पारूबाई’.

पेठेत तिला पार्वती म्हणणारं कुणी नव्हतं. तिच्या आईची ती पारू, धाकट्या भावंडांची आक्का, त्या दोन्हींचं मिळून पाराक्का. मार्च ते मे मात्र ती ‘चटणीच्या आक्का’. लोकांची वर्षाची चटणी ती करून द्यायची. मिरचीचे देठ काढण्यापासून खोबरं, तीळ, धणे भाजण्यापर्यंत सगळं घरी, मग डंकावर नंबर लावून कुटून आणायची आणि शेवटी लसूण घालून मळायची. त्या दिवसांत आमच्या दारात आलेला माणूस आधी शिंकायचा, मग बोलायचा. त्या चटणीच्या पैशांतून माझी बारावीनंतरची फी भरली गेली, हे मला ती गेल्यावर कळलं.

ती गेली २०१९ मध्ये, महापुराच्या दोन महिने आधी. मृत्यूच्या दाखल्यावर आण्णांनी ‘पार्वती ऊर्फ शारदा’ लिहून आणलं. पण तिच्या एका बचत खात्यावर नाव होतं पारूबाई. ही तिन्ही नावं एकाच बाईची, हे पटवून द्यायला आण्णांना आठ महिने लागले. दरवेळी नवा कागद, नवा साक्षीदार. ‘ऊर्फ’ या दोन अक्षरांची धास्ती माझ्या मनात तेव्हापासून आहे.

सातव्या महिन्यात मी नवऱ्याला म्हटलं, मुलगी झाली तर पाराक्काचं नाव ठेवायचं. तो म्हणाला, “कुठलं? तीन आहेत.” प्रश्न बरोबर होता. पार्वती नाव कागदावरच राहिलं, शारदा दुसऱ्यांनी ठेवलेलं. तिनं ज्याला ‘ओ’ दिली ते एकच, पारू. पण नुसतं पारू दाखल्यावर कसं लिहिणार? मग ठरलं की असं नाव शोधायचं, ज्याची घरगुती हाक आपोआप पारू होईल. कागदावर एकच नाव राहील, ऊर्फ लागणार नाही, आणि हाक तिची ती राहील.

तसं हाकेच्या नावानं माणूस ओळखणं कोल्हापूरला नवीन नाही. भालजी पेंढारकरांचं नाव भालचंद्र होतं हे किती जणांना आठवतं? बाबूराव पेंटरांचं आडनाव मेस्त्री; धंद्याचा शब्द आडनावाच्या जागी बसला तो बसलाच. आमच्या गल्लीत तर निम्मे लोक बाळासाहेब. नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, म्हणून पोराला बाळ म्हणते. बाळचा बाळासाहेब होतो आणि निधनाच्या बातमीत कळतं की यांचं नाव दत्तात्रय होतं.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले. १२ एप्रिल २०२५, शनिवार, चैत्र पौर्णिमा. म्हणजे जोतिबाची यात्रा. रस्त्यानं डोंगराकडं गाड्या चालल्या होत्या, ‘चांगभलं’च्या आरोळ्या दवाखान्याच्या खिडकीतून ऐकू येत होत्या. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी लेक झाली. आया म्हणाली, “ज्योतीच ठेवा आता, दुसरं नाव शोधूच नका.” पुढच्या महिन्याभरात हे वाक्य मी चाळीसेक लोकांकडून ऐकलं.

दुसऱ्याच दिवशी परिचारिका फॉर्म घेऊन आली. आई-वडिलांची नावं, पत्ता, शिक्षण, वगैरे. “बाळाचं नाव ठरलं असेल तर सांगा, आत्ताच टाकतो.” नवऱ्याचं मत होतं की काहीतरी टाकू या, नंतर बदलू. मी नको म्हटलं, आणि या सगळ्यात मी केलेलं सर्वात शहाणपणाचं काम हेच. नाव न लिहिता जन्माची नोंद होते. दवाखान्यात जन्म झाला असेल तर २१ दिवसांत ती नोंद कळवणं हे दवाखान्याचं काम. नाव नंतर घालता येतं. बारा महिन्यांच्या आत घातलं तर विलंब शुल्क नाही, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण एकदा लिहिलेलं नाव बदलायचं म्हटलं की मामला कठीण होतो. त्यामुळं पक्कं नसेल तर रकाना कोरा सोडा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पुढं लायसन्स, मतदार यादी, लग्ननोंदणी या सगळ्याला जन्माचा दाखलाच मूळ पुरावा धरतात. तिथं ‘सध्यापुरतं’ काही लिहू नये.

पाचवीला आईनं सटवाईपुढं कोरा कागद आणि पेन ठेवलं. सकाळी कागद अर्थातच कोरा. नवरा म्हणाला, पालिकेचा दाखलाही असाच येणार.

मग पत्रिका. भटजींनी सांगितलं: कन्या रास, हस्त नक्षत्र, तिसरं चरण. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. तिसऱ्या चरणाचं अक्षर ण! बाळाच्या नावाला ‘ण’ आलेल्या आईचं दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक. माझ्या दिरानं ताबडतोब व्हॉट्सअॅपवर ‘णायरा’ असं लिहून पाठवलं. भटजींनीच तोडगा दिला. चरणाचं अक्षर जमत नसेल तर राशीतलं कुठलंही चालतं, आणि कन्येच्या अक्षरांत ‘पा’ आहे. आण्णा तिथंच बसले होते. एवढा वेळ गप्प होते, तेव्हा म्हणाले, “बघ.” एवढंच.

इथवर सोपं होतं. खरी मजा पुढं.

‘पा’वरून आणि पारू हाक येईल अशी नावं आम्ही काढली. मला आवडलं पारमिता. अर्थ चांगला, परिपूर्णतेला पोहोचलेली. सासूबाईंनी साताऱ्याहून फोनवर अर्थ विचारला. नवऱ्यानं फोड करून सांगितली, “पार म्हणजे पलीकडं... पैलतीराला गेलेली.” पलीकडं शांतता. मग, “लेकराचं नाव ठेवताय की माझं उरकताय?” पारमिता बाद.

दुसरं पार्वणी. पौर्णिमेचा जन्म, पर्वाचा दिवस, म्हणून पार्वणी. मी खूश होते. भटजींनी मान हलवली. पार्वण श्राद्ध नावाचं एक श्राद्ध असतं, म्हणाले, पितृपक्षात हा शब्द सारखा कानावर येईल. तेही बाद.

तिसरं पारिजात. हे नणंदेनं सुचवलं. ताईचा आधी वेगळ्याच नावावर जीव होता, आणि आत्या म्हणून नाव ठेवायचा मान तिचा, त्यामुळं मी जरा बिचकूनच होते. पण मी तिला पाराक्काची सगळी गोष्ट सांगितली, खात्याच्या आठ महिन्यांसकट, तेव्हा तिनं स्वतःच्या यादीवर काट मारली आणि रात्री अकराला मेसेज केला: ‘पारिजात. हाक पारू. मी आत्या, ती आत्या. जमलं.’ ज्यांना नणंदेची भीती वाटते त्यांनी यादी घेऊन जाण्याआधी माणसाची गोष्ट घेऊन जावं. मी महिनाभर उगीच यादी घेऊन फिरत होते.

सासूबाईंचा यालाही आक्षेप निघाला. सकाळी गळून पडणारं फूल, असं नाव कशाला? इथं त्यांच्या भिशीतल्या एका मावशी मदतीला आल्या. देवाला जमिनीवरून वेचलेलं चालतं असं एवढंच फूल, म्हणाल्या. सासूबाईंना ते पटलं. नवऱ्यानं मध्येच सत्यभामा-रुक्मिणीची कथा काढली, झाड एकीच्या अंगणात आणि फुलांचा सडा दुसरीच्या, त्याला सगळ्यांनी गप्प केलं. (आमच्या परड्यात पारिजातक होता का, असं विचारतात लोक. नव्हता. शेवगा होता.)

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र घरातला होता, आईचा. एका दुपारी बाळाला अंघोळ घालून शेक देत असताना ती हळूच म्हणाली, “नाव काय बी ठेव, पण तिचं नशीब नको हिला.” मी चिडले. मग गप्प बसले, कारण आईनं पस्तीस वर्षं त्या नणंदेबरोबर एका स्वयंपाकघरात काढली होती. भांडण कधी मोठ्यानं झालं नाही, पण कुठल्या डब्यात काय ठेवायचं हे शेवटपर्यंत पाराक्काच ठरवायची. थोरली नणंद म्हणून आईनं तिला कधी नावानं हाक मारली नाही. दोन दिवसांनी मी एवढंच म्हटलं, “तिचं नशीब कागदावरच्या दोन नावांत गेलं. पारू म्हणून तिचं काय वाईट झालं होतं, सांग.” आईनं उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगताना ऐकलं, “पारिजात ठेवायचं म्हणत्यात.” ते मी होकार धरला.

या सगळ्यात ६ मे रोजी नवऱ्यानं नाव नसलेला दाखला आणला. पहिली प्रत मोफत असते. घरी आणून बघतो तर माझ्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. दवाखान्यातून गेलेल्या फॉर्ममध्येच ते चुकलं होतं. मी फॉर्म वाचला होता, पण मराठी भाग वाचला. इंग्रजीकडं बघितलंच नाही. दाखला दोन्ही भाषांत असतो, हे लक्षात ठेवा, आणि भरलेल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुरुस्तीसाठी दवाखान्याचं पत्र, माझ्या आधारची आणि दहावीच्या प्रमाणपत्राची प्रत लागली. पत्र द्यायला दवाखान्यानं आठवडा घेतला, पुढं पालिकेत बारा दिवस. नाव घालायचा अर्ज ही दुरुस्ती झाल्यावरच करायचा असं आम्ही ठरवलं, दोन गोष्टी एकत्र अडकायला नकोत म्हणून.

बारसं रविवारी, २५ मे रोजी. बाराव्या दिवशी माझी उठायची ताकद नव्हती, म्हणून सव्वा महिन्यानंतर घरातच केलं. गच्चीवर मांडव घालायचा बेत होता, पण यंदा मेमध्येच पावसानं गाठलं, सगळा कार्यक्रम सोप्यात. पाळणा भाड्याचा, सजावटीसह अठराशे रुपये. घुगऱ्या घरच्या. बायकांनी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्याखालून ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ केलं. ताईनं बाळाच्या कानात कुर्रर्र करून पाच नावं सांगितली. देवाचं यमाई, पत्रिकेचं पूर्णा, गल्लीच्या हट्टाखातर ज्योती, मग पारिजात, आणि शेवटी पारू. पाठीत धपाटे एवढे बसले की ताई दुसऱ्या दिवशी मलम मागत होती. ज्या नातेवाइकांचं नाव मागं पडतंय त्यांना पाळण्यात जागा द्या, ही सोय फार उपयोगी आहे. दाखल्यावर एकच जातं, पण कानात पाच जातात आणि सगळे जेवून समाधानानं घरी जातात.

९ जूनला नाव नोंदवायचा अर्ज घेऊन गेलो. मी, आण्णा आणि बाळ. नवरा पुण्यात कामावर. बरोबर नाव नसलेला मूळ दाखला, दोघांचे आधार, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज बघितला आणि परत दिला. अर्जावर दोघांच्याही सह्या हव्या होत्या, नवऱ्याची नव्हती. चूक आमचीच. एक फेरी, रिक्षाचे जाऊन-येऊन दीडशे रुपये आणि बाळाचं एक दूध पाण्यात. नवऱ्यानं रविवारी येऊन सही केली, १६ जूनला परत गेलो. तुम्ही राहता कुठंही, पण बाळ जिथं जन्मलं तिथल्याच कार्यालयात हे काम होतं, त्यामुळं माहेरी बाळंतपण असेल तर नवरा गावाला परत जाण्याआधीच को‍ऱ्या अर्जांवर सह्या घेऊन ठेवा.

त्या दिवशी मी त्या गृहस्थांना विचारलं, ‘पारिजात ऊर्फ पारू’ असं लिहिता येईल का? का विचारलं, माहीत नाही. धास्ती होती तीच ओढत होती बहुतेक. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “ताई, ऊर्फ लावलं की जन्मभर ऊर्फ सांभाळत बसायचं. घरात काय म्हणायचं ते म्हणा.” मग इंग्रजी स्पेलिंग विचारलं. इथं तयारी करून जा, खिडकीवर उभं राहून ठरवू नका. शेवटी ‘ए’ लावला तर पारिजाता वाचतील, ‘जे’नंतर एकच ‘ए’ घातला तर पारिजत. आम्ही ‘जे’नंतर दोन ‘ए’ लावले आणि शेवटचा गाळला. पाच वर्षांनी शाळेत कोण काय वाचेल ते बघू.

मुलीचं पूर्ण नाव कसं लिहायचं यावर घरी थोडी चर्चा झाली, फार नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी राज्यात शासकीय कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरलाय. आण्णांना हे फार आवडलं. “आक्काच्या एका बी कागदावर आईचं नाव नव्हतं,” म्हणाले.

नाव घातलेला दाखला शाहू जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, २७ जूनला मिळाला. शहरात आदल्या दिवशीच्या हारांचा वास अजून होता. परत येताना रिक्षात आण्णा सांगत होते की शाहू महाराजांचं पाळण्यातलं नाव यशवंतराव; कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ मध्ये दत्तक आले तेव्हा शाहू झाले. नाव बदलून बी माणूस मोठा होतोय, असं काहीतरी त्यांना म्हणायचं होतं, पण मध्येच रिक्षा खड्ड्यात गेली आणि ते राहिलंच. आम्ही जादा चार प्रती काढल्या. किरकोळ पैसे लागतात, पण नंतरची फेरी वाचते. एक प्रत लॅमिनेट करायला आण्णा निघाले होते, त्यांना थांबवलं. मूळ दाखला कधीच लॅमिनेट करू नका.

आधार त्यामानानं किरकोळ. ऑगस्टमध्ये पुण्यातल्या केंद्रावर गेलो, नोंदणी मोफत. पाच वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे आणि डोळे घेत नाहीत, फक्त फोटो, आणि आई किंवा वडिलांपैकी एकाचं आधार लागतं. ठसे पाचव्या आणि मग पंधराव्या वर्षी द्यायचे. फोटोत लेक जांभई देतेय. पुन्हा काढायला सांगितला तर दुसऱ्यात रडली, म्हणून जांभईच ठेवली.

आता राहिला प्रश्न हाकेचा. तो कुठल्याच खिडकीवर सुटत नाही. मला वाटलं होतं आण्णा सगळ्यात आधी पारू म्हणतील. त्यांना ते जमेचना. थोरल्या बहिणीला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही, आता सत्तरीत कशी मारायची? ते लेकीला ‘आक्का’ म्हणतात, आणि तेही अहोजाहो. “आक्का उठल्या का? आक्कांनी दूध घेतलं का?” साडेचार महिन्यांची पोर त्यांच्याकडं टक लावून बघते. नवरा पारू म्हणतो. ताई पारूडी. सासूबाई पूर्ण पारिजात, एकेक अक्षर सुटं उच्चारून.

परवा गौरींसाठी कोल्हापूरला आलो. पाराक्काच्या वेळचा चटणीचा मोठा अॅल्युमिनियमचा डबा अजून फळीवर तिथंच आहे. आई गौरीच्या नैवेद्याची भाजी परतत होती, लेक तिच्या कडेवर, आणि लेकीनं आईचे केस मुठीत धरून असे ओढले की हातातला उलथना खाली पडला. आई ओरडली, “ए पारे! किती छळशील गं मला? सोड!”

सोप्यात पेपर वाचत बसलेल्या आण्णांनी पेपर खाली घेतला. आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. मग तिनं केस सोडवून घेतले, उलथना उचलला आणि आणखी एकदा, जरा सावकाश, म्हणाली, “पारे.”

आण्णा चप्पल घालून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.